शुगरवाल्या बाई

अकरा वर्षं म्हात्रे बाईंनी आणि मी एकाच दवाखान्यात काम केलं. तेवढ्या काळात बाईंनी भिवंडीतल्या निम्म्या निजामपुऱ्याची बोटं टोचली. माझं टोचलं, माझ्या बायकोचं टोचलं, पाहुणी म्हणून आलेल्या मावससासूचंही टोचलं. एकदा तर दवाखान्याची वीज का गेली ते बघायला आलेल्या वायरमनचं टोचलं आणि त्याची शुगर निघाली दोनशे चाळीस. बिचारा शिडीच्या खालच्या पायरीवरच बसला. पण स्वतःचं बोट म्हणाल तर बाईंनी मला एकदाही दिलं नव्हतं.

"बाई, तुमची कधी बघायची?" मी विचारायचो.

"माजी कशाला? मी काय पेशंट हाय?"

मी लॅबमधला माणूस. टीबीच्या पेशंटची थुंकी काचेवर पसरायची, रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू आहेत का बघायचं आणि "आहेत" किंवा "नाहीत" लिहायचं, एवढंच माझं काम. माणसांशी माझा संबंध प्लास्टिकच्या डबीपुरता. डबीमागची माणसं बाई सांभाळायच्या. गोळ्या घेतो का, उलट्या होतात का, मध्येच गावी पळाला का, हे सगळं त्यांच्याकडे. त्या जवळच्या अंजूर गावच्या. सकाळी अंजूरहून शेअर रिक्षाने धामणकर नाक्यावर उतरायच्या आणि तिथून चालत यायच्या. रंग सावळा, नाकात चमकी, खांद्याला काळी पर्स. पर्समध्ये स्टीलचा गोल डबा. पूर्वी त्यात पापलेटं यायची म्हणे, आता त्यात शुगर बघायचं मशीन, पट्ट्या आणि कापूस. बाईंच्या बोलण्यात "ळ" आणि "ण" नव्हते. गोळ्यांना त्या गोल्या म्हणायच्या आणि मला कुलकर्नी.

टीबीवाल्या प्रत्येकाची शुगर बघायची हा आता नियमच आहे. पण नियम म्हणून करणं वेगळं आणि बाई करायच्या ते वेगळं. नवीन पेशंट खुर्चीवर टेकायच्या आत बाईंचं ठरलेलं वाक्य यायचं, "बोट दे आदी. नाव मंग सांग." एकदा नव्याने आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, एवढी घाई कशाला? बाई म्हणाल्या, "सायेब, रगतात शुगर चढली का जंतूंच्या घरी रोज हलद. नाचतात मेले. मंग आपल्या गोल्या काय करतील?" ज्यांनी आमच्याकडची लग्नातली हळद पाहिली आहे, डीजे, मटण आणि पहाट होईपर्यंत नाच, त्यांना याहून सोपं करून कोणी सांगू शकणार नाही. डॉक्टर हसले, पण पुढे तेही पेशंटला हेच सांगायला लागले.

बाईंची आणखी एक खोड होती. कोणालाही काही खायला देताना त्या आधी विचारायच्या, "शुगर हाय का तुना?" चहाचा कप पुढे करताना, केळं देताना, डब्यातली तांदळाची भाकरी मोडून देताना, विचारल्याशिवाय हात पुढे यायचाच नाही. रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला लिमलेटची गोळी द्यायची झाली तरी हाच प्रश्न. मला याचा वैताग यायचा. रोज तोच माणूस, रोज तोच प्रश्न! एकदा मी चिडून म्हणालो, "अहो, कालच तर सांगितलं, नाही म्हणून." बाई शांतपणे म्हणाल्या, "काल नसंल. आज काय माहीत?"

माणसांच्या तऱ्हा बाईंना बरोबर ठाऊक होत्या. आमच्या भागात एका शाळेचे मुख्याध्यापक होते. नाव नको. त्यांना टीबी झाला आणि त्याबरोबर शुगरही निघाली. टीबी झाल्याचं कळलं तर चाळीतले लोक काय म्हणतील, या धास्तीने ते दवाखान्यात यायला तयार नाहीत आणि बाईंना घरीही येऊ देईनात. बाई तरीही गेल्या. दारातच शेजारीण उभी, "कोण पाहिजे?" बाईंनी पर्समधून स्टीलचा डबा काढून दाखवला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "सरांची शुगर बघाया आली." शेजारीण खूश. म्हणाली, "आमच्या ह्यांची पण बघा ना." त्या दिवशी त्या मजल्यावरच्या नऊ जणांची शुगर बघून झाली आणि सरांच्या उशाखाली टीबीच्या गोळ्यांची पाकिटं गुपचूप पोचली.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात ना, तसं आहे हे. टीबी म्हटलं की लोक भांडी वेगळी करतात आणि शुगर म्हटलं की कारल्याच्या रसाची कृती सांगतात. बाईंनी हे ओळखलं आणि त्यानंतर त्या कुठल्याही गल्लीत "शुगरवाल्या बाई" म्हणूनच शिरल्या. टीबीचा एकही पेशंट त्यांच्यामुळे उघडा पडला नाही. सर नऊ महिन्यांनी खडखडीत बरे झाले आणि पेढे घेऊन आले.

हे पेढ्यांचं प्रकरण आमच्याकडे फार. बरा झालेला पेशंट पेढे आणतो. गरिबातला गरीब असला तरी पाव किलोचा पुडा आणतोच. सगळा स्टाफ तुटून पडायचा, बाई मात्र हात लावायच्या नाहीत. "तुमी खा." गणपतीत मोदक नाही, होळीला पुरणपोळी नाही, चहा बिनसाखरेचा. संक्रांतीला तर कमाल. सगळ्यांना कागदाच्या पुडीत नुसते भाजलेले तीळ वाटायच्या.

"बाई, गोड बोलायला गूळ लागतो," मी म्हणायचो.

"त्याच्याबगर पन बोलता येतं. तू बोलून बघ."

मी मनात पक्कं ठरवलं होतं की बाईंना शुगर आहे आणि त्या लपवतात. जगाची बोटं टोचणारी बाई स्वतःच्या बोटाला घाबरते, यावर मी आणि आमच्या फार्मसीतला गायकवाड अधूनमधून हसायचो. खरं सांगतो, त्यात थोडा कुत्सितपणा होता. माझ्यात तो आहे.

मग सलीम आला.

सलीमभाई पंचेचाळिशीचा, लूमवरचा म्हणजे यंत्रमागावरचा कारागीर. उत्तरेकडचा, गावाकडे बायको आणि दोन मुली. निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात वीस वर्षं लूम चालवत होता आणि कारखान्याच्या पोटमाळ्यावर आणखी सहा जणांबरोबर राहत होता. वजन बेचाळीस किलो. थुंकीत जंतू भरपूर, शुगर तीनशे दहा. बाईंना निवृत्त व्हायला तेव्हा साताठ महिने उरले होते. कार्ड भरताना त्या म्हणाल्या, "कुलकर्नी, ह्यो माजा शेवटचा. ह्याला बरा करूनच जानार मी."

दोन महिन्यांनी मी त्याची काच बघितली. जंतू होतेच. औषध लागू पडत नसेल म्हणून मोठ्या लॅबला नमुना पाठवला. तिकडून उत्तर आलं, औषध लागू पडायला हवं. तिसऱ्या महिन्यात परत काच, परत जंतू. वजन चाळीसवर आलं. शुगरच्या गोळ्या वाढवल्या, दुसऱ्या दिल्या, तरी आकडा तीनशेच्या खाली यायचं नाव घेईना. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की शुगर उतरली नाही तर फुप्फुस फार दिवस साथ देणार नाही. बाईंनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

त्यानंतर त्यांनी सलीमची जी उलटतपासणी सुरू केली ती मी लॅबच्या खिडकीतून ऐकायचो.

"चाय में शक्कर?"

"कसम से नहीं बाई. फीकी पीता हूँ. चायवाले से पूछ लो."

"आम?"

"नहीं."

"केला? ठंडा? मिठाई? खीर?"

"बाई, आपने मना किया तो ईद पे सेवई नहीं खाई मैंने. सबके सामने कटोरी वापस की."

बाईंनी चहावाल्याला खरंच विचारलं. तो म्हणाला, सलीमभाई फिकाच घेतो, तोंड वाकडं करून का होईना पण घेतो. माणूस खोटं बोलत नव्हता. गोळ्या बाईंच्या डोळ्यांसमोर गिळत होता. आणि तरीही शुगर तीनशे! मी वैतागून म्हणालो, "मशीन बिघडलं असेल." बाईंनी लगेच माझं बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव. मशीन ठणठणीत होतं.

एका सोमवारी त्या नेहमीच्या वेळेपेक्षा लवकर निघाल्या आणि पहिली शिफ्ट सुरू होण्याआधीच कारखान्यात जाऊन थडकल्या. परत आल्या त्या साडेनऊला. मी काचा रंगवत होतो. त्या आत आल्या, स्टुलावर बसल्या. मग डबा उघडला, मशीन माझ्यापुढे सरकवलं आणि उजव्या हाताचं बोट पुढे केलं.

"बघ."

मी बघतच राहिलो. अकरा वर्षांनी! टोचलं. पट्टीवर थेंब घेतला. आकडा आला शहाण्णव.

"मना शुगर न्हाय," बाई म्हणाल्या. "कवाच न्हवती. तू आनि गायकवाड हसायचे ते मना माहीत हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग गोड का खात नाही तुम्ही?"

"म्हनून तर बोट देत न्हवती. दिला असता तर तू ह्योच इचारला असता." त्या उठल्या. "उद्या सकाली माज्याबरोबर चल. सहा जनांची शुगर बघायची हाय. मशीन तू धर."

दुसऱ्या दिवशी गेलो. मी जन्मापासून भिवंडीत राहतो, माझे आजोबा इथे कारकून होते, वडील कारकून होते, पण चालू कारखान्याच्या आत मी तोपर्यंत पाऊल टाकलं नव्हतं. बाहेरून खडखडाट ऐकत मोठा झालो एवढंच. लूम अजून बंद होते. हवेत, खिडक्यांच्या गजांवर, माणसांच्या भुवयांवर कापसाची बारीक रुई. दाराशी पत्र्याचा डबा. शेठने ठेवलेला. प्रत्येक कारागीर येताना त्यातून मूठभर चणे आणि गुळाचा खडा उचलायचा. रुई छातीत बसू नये म्हणून गूळ. भिवंडीत वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत. गूळ घसा धुतो, छाती साफ ठेवतो, हे इथे शेठलाही पाठ आणि कामगारालाही पाठ. मलासुद्धा पाठ होतं!

कारागिरांनी चणे तोंडात टाकले आणि गुळाचा खडा खिशात. एकानेही गूळ खाल्ला नाही. मग सगळे एकेक करून लाकडी जिना चढले. बाईंच्या मागून मीही चढलो. पोटमाळ्यावर सलीम भिंतीला टेकून बसला होता. त्याच्यापुढे वर्तमानपत्राचा कागद. प्रत्येक जण वाकून आपला खडा त्या कागदावर ठेवत होता. सहा जणांचे सहा आणि त्याचा स्वतःचा एक. आदल्या सकाळी बाई हेच बघून आल्या होत्या.

छाती त्याची खराब. म्हणून आपल्या वाट्याचा गूळ त्याला. तीन महिने हे रोज चाललं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आम्ही आंबे आणि कोल्ड्रिंक शोधत होतो आणि सलीम रोज सकाळी सहा माणसांची माया चघळत होता. त्याने साखर सोडली होती ती अगदी खरी सोडली होती. गुळाबद्दल त्याला कोणी विचारलंच नव्हतं आणि आपण होऊन सांगावं असं त्याला वाटलं नव्हतं. औषध कोणी सांगतं का?

"बाई, गुड़ से क्या होगा?" त्यांच्यातला एक दाढीवाला म्हणाला. "गुड़ तो छाती साफ करता है. शक्कर थोड़े ही है."

मला वाटलं, आता बाई फाडून खातील. बाईंचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जायचा. पण त्या खाली बसल्या, सलीमच्या समोर, रुई पडलेल्या फळीवर. आणि त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत हळू बोलायला लागल्या.

"मेरा भी भाई था. भास्कर. छोटा. गोडाउन में हमाल था, अंजूर में. उसको टीबी हुआ. मैं नयी नयी नौकरी में लगी थी. मेरे को लगा, मैं टीबीवाली है, मेरा भाई को मैं ठीक करेगी. रोज सुबे ग्लासभर दूध, और इतना गूल. मेरे हाथ से. वो ना बोलता था तो मैं डाँट के खिलाती थी. छाती साफ होएगा, वजन बढ़ेगा, खा. टाइम पे सब गोली खाया उसने. एक गोली नहीं चुकाया. फिर भी सूखता गया. फिर एक दिन बेशुद्ध हुआ. ठाना लेके गये. वहाँ डॉक्टर ने पहली बार उसका शुगर देखा. तब सब का शुगर नहीं देखते थे. मशीन में नंबर नहीं आया, इतना था."

खाली कोणीतरी एक लूम सुरू केला आणि लगेच बंद केला.

"टीबी से नहीं मरा वो," बाई म्हणाल्या. "मेरे गूल से मरा."

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "मी ह्याला सगला इचारला रं कुलकर्नी. आंबा इचारला, केला इचारला, थंडा इचारला. गूल न्हाय इचारला. त्यो शबुदच माज्या तोंडात येत न्हाय. सतरा वर्सं न्हाय आला. आनि त्याच्यापायी ह्यो मरत होता."

मी लॅबमधला माणूस. मी मशीन काढलं आणि दाढीवाल्याचं बोट धरलं. सहाही जणांची शुगर बघितली. त्यांची थुंकी पूर्वीच तपासली होती, ती स्वच्छ होती. शुगर दाढीवाल्याचीच चढलेली निघाली. तो बोटावरचा कापूस दाबून धरून कागदावरच्या गुळाकडे बघत राहिला.

सलीमने तो कागद गुंडाळला आणि बाईंच्या हातात दिला. म्हणाला, "बाई, भाई का नाम भास्कर था ना? उसके लिए दुआ पढ़ूँगा." बाईंनी पुडी घेतली. खाली येऊन त्या शेठशी पाच मिनिटं बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून दाराशीच्या डब्यात नुसते चणे. शेठ कुरकुरला, म्हणाला कामगार माझ्या नावाने ओरडतील, बाप-आज्यापासूनची रीत आहे. कामगार ओरडले नाहीत. उलट रुईसाठी नाकाला रुमाल बांधा हे बाईंनी सांगितलेलंही निम्म्यांनी ऐकलं. आमच्याकडे निम्मे म्हणजे पुष्कळ.

पंधरा दिवसांत सलीमची शुगर दोनशेच्या खाली आली. महिन्याभराने मी काच बघितली, पूर्ण बघितली, परत बघितली. एकही जंतू नाही. "बाई, नाहीत!" म्हणून हाक मारली तर त्या आत येईनात, दाराशीच उभ्या. "न्हाय बोल्लास ना? लिही मंग. पेनने लिही." मी लिहिलं. पण एका काचेवर टीबीत कोणी बरा होत नाही. डॉक्टरांनी उपचार लांबवले आणि शेवटची तपासणी व्हायच्या आत बाईंची निवृत्ती आली. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, केक कापला. बाईंनी केक कापून सगळ्यांना भरवला, भरवण्याआधी प्रत्येकाला विचारून, आणि बोटं पुसून निघून गेल्या. सलीमचं कार्ड माझ्या टेबलावर तसंच होतं.

पुढचे दोन महिने बाई दर आठवड्याला फोन करायच्या. जेवलास का वगैरे काही नाही. "वजन?" एवढंच. मी सांगायचो, त्रेचाळीस. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस. फोन बंद.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी त्या सकाळीच हजर. निवृत्त माणसासारख्या नव्हे, ड्युटीला आल्यासारख्या, पर्स खांद्याला लावून. सलीम बाकावर बसलेला. बाई त्याच्या शेजारी. अकरा वर्षांत हजारो काचा बघितल्या असतील, पण ती मी तीनदा बघितली. काच स्वच्छ. मी बाहेर येऊन रिपोर्ट डॉक्टरांना दिला. डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं, बरा.

सलीमने पिशवीत हात घातला. मला वाटलं पेढे. त्याने वर्तमानपत्राची मोठी पुडी काढली आणि टेबलावर उघडली. भाजलेले चणे. नुसते.

"बाई खा सकें ऐसी मिठाई लाया हूँ," तो म्हणाला.

बाईंनी पुडीकडे बघितलं. आम्ही सगळे बाईंकडे बघत होतो. अकरा वर्षांत बऱ्या झालेल्या एकाही पेशंटच्या खाऊला त्यांनी हात लावलेला नव्हता. त्यांनी हात पुढे केला, मूठ भरली आणि चणे तोंडात टाकले. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या ते पुसायला तयार नव्हत्या. गायकवाड उगीचच औषधांचं कपाट उघडून उभा राहिला. मला गलबलून आलं आणि हे लिहायची मला लाज वाटत नाही.

"बाई, आता तरी गोड खा," मी म्हणालो. "सलीम बरा झाला."

"सलीम बरा झाला," बाई म्हणाल्या. "भास्कर कुठं झाला?"

दुपारी मी जेवायला घरी निघालो तेव्हा त्या धामणकर नाक्यावर दिसल्या. अंजूरच्या शेअर रिक्षात मागे बसलेल्या, मांडीवर उरलेल्या चण्यांची पुडी. रिक्षा भरायची वाट बघत होती. मी रस्त्याच्या अलीकडे, मध्ये ट्रक आणि टेम्पो. हाक मारून उपयोग नव्हता. एक बाई हातात भाजीची पिशवी घेऊन चढली आणि त्यांच्या शेजारी बसली. म्हात्रे बाईंनी एक चणा तोंडात टाकला. मग पुडी त्या बाईपुढे धरली. तिला आधी काहीही विचारलं नाही.